इतर परिस्थिती कायम असताना

सुमन, परवा पहिल्या वर्षाच्या वर्गावर मागणीचा नियम सांगताना मी मध्येच थांबले. फळ्यावर ‘इतर परिस्थिती कायम असताना’ एवढं लिहून झालं होतं आणि पुढचं लिहायला हात उठेना. हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. बाकांवर मोजकीच पोरं होती. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “मॅडम, फुडं?” मी पुढचं लिहिलं, वस्तूची किंमत वाढली की तिची मागणी कमी होते, आणि खडू ठेवून खिडकीशी गेले.

तुला आठवत असेल, मी हा नियम शिकवायला लागले की शेजारच्या खोलीतून तू मधल्या पत्र्याच्या भिंतीवर टिचकी मारायचीस. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचीस, “विमल, इतर परिस्थिती कायम ऱ्हायली असती, तर आपल्याला अर्थशास्त्र कशाला लागलं असतं गं?”

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. पत्र्यापलीकडच्या खोलीत आता तुटके बाक ठेवतात. मी त्याच फळ्यासमोर आहे.

आपली पहिली भेट जीपमधली. हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावकडची जीप भरत होती, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही हे मला वर्षभरात कळून चुकलं होतं. तू बापूंबरोबर आलीस. तुझा तांडा साखऱ्याच्या पलीकडचा, तिथून रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून तू हिंगोलीत खोली घेतली होतीस आणि बापू तुला पहिल्या दिवशी कॉलेजात पोहोचवायला निघाले होते. तुझ्या तांड्यावरची एम. ए. झालेली तू पहिलीच पोरगी. बापूंनी बसल्या बसल्या सगळ्या जीपला सांगितलं, “माझी पोरगी प्रोफेसर झाली.”

तू लाजून म्हणालीस, “बापू, अजून पक्की न्हाई झाले. विनाअनुदान हाय ते.”

“व्हशील की. सरकारला आज न्हाई उद्या द्यावंच लागंल.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “का हो म्याडम, बराबर हाय का न्हाई?” मी हो म्हणाले. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. माळावर पत्र्याच्या खोल्या टाकून नवीन निघालेलं कॉलेज, एक-दोन वर्षांत अनुदान येईल, आपण कायम होऊ, हातात पगार येईल. आपल्यासारखे कितीतरी जण तेव्हा असेच माळामाळांवर जाऊन बसले होते.

प्राचार्यांनी पेपर वाटून दिले. मला सूक्ष्म अर्थशास्त्र, तुला स्थूल. मी एक गिऱ्हाईक, एक दुकान, एक घर शिकवायचे. तू सगळा देश शिकवायचीस, राष्ट्रीय उत्पन्न, बेकारी, भाववाढ. वाटणी सहज झाली होती, पण आपण दोघींनी ती जिवाला लावून घेतली. मी म्हणायचे, शेवटी माणूस निवड करतो. हाताशी थोडंच असतं, म्हणून एक घेतो आणि दुसरं सोडतो. जे सोडलं तीच त्या घेतलेल्याची खरी किंमत. तू म्हणायचीस, “आमच्या तांड्यावर ये आणि कोन काय निवडून राहिलं ते मला दाखव. दसरा झाला की टोळीच्या टोळी ऊसतोडीला जाती. तिथं निवड कुठं हाय? इथं काम न्हाई, येवढंच हाय.” एकेकदा जीपमधली माणसं आपल्याकडे बघत बसायची. कुणीतरी म्हणायचं, “दोघी मॅडम भांडून राहिल्या.” मग आपण गप्प व्हायचो आणि उतरल्यावर पुन्हा सुरू.

तू शिकवायचीस मात्र माझ्यापेक्षा चांगलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्याला तू पुस्तक मिटून ठेवलंस आणि पोरींना विचारलंस, सकाळपासून आईनं काय काय केलं ते सांगा. पोरी सांगत गेल्या. झाडलोट, पाणी, धारा, भाकरी, डबे, धाकट्याची आंघोळ, धुणं, मग शेत. सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालीस, “यातलं शेतातलं तेवढं धरलं जातं. घरातलं राष्ट्रीय उत्पन्नात धरत न्हाईत, कारण ते बाजारात विकलं जात न्हाई.” पत्र्याच्या अलीकडे मी ऐकत होते. एक पोरगी चिडून म्हणाली, “मंग पुस्तकच चुकीचं हाय.” तू केवढी खूश होऊन बाहेर आलीस! मी म्हणाले, परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क जातील. तू म्हणालीस, “जाऊ दे गेले तर.”

आणि छुपी बेकारी शिकवलीस तो दिवस. शेतात चौघांचं काम आहे आणि सहा जण राबतात, त्यातले दोघं काढून घेतले तरी पीक तेवढंच येतं. दिसायला सगळे कामात, पण दोघं बेकारच. पोरांना ते लगेच कळलं, कारण ते त्यांच्याच घरचं होतं. तास संपवून आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. खुर्चीवर बसून म्हणालीस, “विमल, या कॉलेजातून आपल्यातली एक उचलली, तर काय कमी व्हईल?” मी चेष्टेवारी नेलं. पण त्या वर्षी अर्थशास्त्र घेतलेली पोरं इतकी थोडी होती की उत्तर आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

दरवर्षी मार्च यायचा आणि अनुदान न येताच जायचा. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, आता ऑफिसं जवळ आली, आता काम होणार. कॉलेज तपासायला समिती यायची त्या दिवशी बाजूच्या शाळेतली पोरं आणून आपल्या बाकांवर बसवायची. त्यांना उपभोक्त्याचा समतोल सांगताना माझी मलाच लाज वाटायची आणि ती बिचारी माना डोलवायची. मानधन दिवाळीला मिळालं तर मिळालं.

तुला बघायला पाहुणे यायचे. आधी शिक्षण ऐकून खूश व्हायचे, मग विचारायचे, “नोकरी पक्की हाय का?” तू खोटं बोलायची नाहीस. चहा पिऊन पाहुणे उठायचे. “माझ्या मागणीचा नियम लई सोपा हाय,” तू दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सांगायचीस. “पक्की असंल तर मागणी, कच्ची असंल तर नुसता चहा.” आपण पोट धरून हसायचो. मग जीप माळाला लागेपर्यंत तू बाहेर बघत राहायचीस आणि मी तुझ्या हातावर हात ठेवायचे.

माझं लग्न झालेलं होतं, पण माझी गोष्ट फार वेगळी नव्हती. शिरड शहापूरच्या शेतकऱ्याच्या घरातून मी हिंगोलीत आले, यांचं औषधांचं दुकान. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून समाजसेवा करती.” सकाळचा स्वयंपाक उरकून मी जीप गाठायचे, परत आले की पुन्हा चूल. कॉलेज सोडलं असतं तर मला दुसरं काही मिळणार नव्हतं, फक्त सकाळची ती जीप गेली असती. तुला हे माझ्या बोलण्यातून कळलं नव्हतं, बघून कळलं होतं. माझी मुलगी टायफॉइडनं आजारी पडली तेव्हा घरातले म्हणाले, आता पुरे. तू परस्पर माझेही सगळे तास घेतलेस, सूक्ष्म आणि स्थूल दोन्ही एकटीनं, आणि प्राचार्यांना म्हणालीस, मॅडम येतील, त्यांची जागा कुणाला द्यायची नाही. त्या दिवसांत तू नसतीस तर मी केव्हाच घरी बसले असते. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

भांडण झालं ते विहिरीवरून. तुझी पोरं आली नव्हती म्हणून तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलीस. मी बुडीत खर्च शिकवत होते. उदाहरण माझं नेहमीचंच. एकानं विहीर खणायला घेतली, खाली खडक लागला, पाणी नाही. आता पुढं खणायचं की नाही हे ठरवताना आधी किती खोल गेलो ते धरायचं नाही. जे गेलं ते परत येत नाही. पुढं पाणी लागायची आशा किती, तेवढंच बघायचं. पोरांनी लिहून घेतलं. तू काही लिहिलं नाहीस. परतीच्या जीपमध्ये विचारलंस, “ती विहीर कोनाची?”

“कोनाची म्हंजे? उदाहरण हाय.”

“आपली हाय ती.”

“सुमन, इतकी वर्षं घातली आपण. ऐन वेळेला सोडायची व्हय?”

“हेच करू नका म्हणून आत्ताच तर पोरांना सांगितलंस तू.”

“पाणी लागणारच न्हाई, हे तुला कोन सांगितलं?”

तू खिडकीकडे तोंड केलंस. “लागंल,” म्हणालीस. “पन तवर मी आतच बुजून जाईन.”

पुढच्या उन्हाळ्यात तू राजीनामा दिलास. मला आधी बोलली नाहीस. मी तणतणत तुझ्या खोलीवर आले, तर दारात मोठाले तवे आणि परात मांडलेली.

“हे काय?”

“भांडवल,” तू म्हणालीस आणि हसलीस.

बसस्टँडच्या मागे जागा घेऊन तू मुलींसाठी खानावळ काढलीस. तांड्यावरून तुझ्या आईला, याडीला, आणलंस. तेव्हा हिंगोलीत डी. एड.ला, नर्सिंगला खेड्यापाड्यांतून पोरी यायला लागल्या होत्या आणि त्यांच्या जेवणाचे हाल होते. तुझ्याकडे याडीच्या हातची ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा मिळायचा, आणि भाकरी थापता थापता तू त्यांचा अभ्यास घ्यायचीस. पहिल्या दिवशी मला ताट वाढून म्हणालीस, “आजपास्नं माझी भाकर राष्ट्रीय उत्पन्नात.” गावात लोक बोलायचे ते माझ्या कानावर यायचं. एम. ए. करून भाकरी थापून राहिली. कॉलेजातही बोलायचे. मी त्यांच्याशी भांडायचे आणि मग तुझ्याकडे येऊन तुझ्याशी भांडायचे.

“ही माघार हाय सुमन. येवढं शिकून शेवटी चूलच?”

“या चुलीवर मी फुकट राबते का? ही माझी हाय.” भाकरी उलटत तू म्हणालीस, “आणि निवड निवड तूच करत व्हतीस ना? मी तर तुझ्याच पुस्तकातली केली. मग तुला काहून राग येऊन राहिला?”

मी ताट तसंच ठेवून उठले. सुमन, राग तुझा नव्हता. सगळी परिस्थितीच ठरवते म्हणणारी तू उठून चालती झालीस, आणि माणूस निवड करतो असं शिकवणारी मी रोज सकाळी तुझ्या रिकाम्या जागेशेजारी बसून त्याच माळावर जात होते. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जेवायला आले, तू काही न विचारता वाढलंस, आणि भांडण तिथेच राहिलं.

बापूंना फार लागलं होतं. त्यांनी सगळ्या तांड्याला प्रोफेसर सांगितलेलं. बरेच दिवस ते आलेच नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी आले, पटका काढून पोरींच्या पंगतीत बसले आणि मान खाली घालून जेवले. मी तिथंच होते. शेजारच्या पोरीनं विचारलं, “बाबा, तुमी कोन?” ते म्हणाले, “हिचा बाप. ही प्रोफेसर हाय.” तू आतून ओरडलीस, “व्हते, बापू!” त्यांनी आणखी एक भाकरी मागितली आणि त्या पोरीला हळूच म्हणाले, “हाय.” तू चुलीकडे तोंड करून डोळे पुसलेस आणि म्हणालीस, धूर लई झाला.

यंदा अनुदानाचा आदेश आला. प्राचार्यांनी पेढे वाटले. कार्यभार, म्हणजे आठवड्याचे तास, बघून अर्थशास्त्राला एकच जागा मंजूर झाली, आणि ती मला मिळाली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. घरी सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी मला आयता चहा हातात मिळाला. सगळे इतके आनंदात होते, आणि मी कप धरून बसले होते. माझ्या मनात एकच आलं, की आता मला कधीच निघता येणार नाही. इतकी वर्षं निदान भांडता तरी येत होतं, की सोडायचं की नाही. आता तो प्रश्नच कुणी विचारणार नाही.

तुला सांगायला येणार, तेवढ्यात तुला कावीळ झाल्याचं कळलं. आधी तू ती अंगावर काढलीस, पोरींच्या परीक्षा होत्या म्हणून. सरकारी दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसून मी आदेशाचं सांगितलं. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, तरी तू उठून बसलीस.

“पेढे कुठं हायत?”

“तुला चालत न्हाईत.”

“वास तर घेऊ दे.” मग पडून राहिलीस. “जागा किती?”

“एक.”

तू मान हलवलीस. आश्चर्य वाटल्यासारखी हलवली नाहीस. मी तुझ्याकडे बघत राहिले. तुला आधीपासून माहीत होतं का गं? कार्यभार मोजायला तुझ्याइतकं कुणाला येत होतं? आपल्यातली एक उचलली तर, असं तू म्हणाली होतीस. तू विहिरीतून स्वतःसाठी बाहेर आलीस, की वर यायचा दोर एकच आहे हे बघून माझ्यासाठी सोडलास? विचारायला तोंड उघडलं, तर तूच म्हणालीस, “आता म्हणशील, सुमन चुकली.”

“न्हाई म्हणणार.”

“म्हण की. तू म्हणल्याबिगर मला उत्तर कसं देता येईल?”

तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि मला बाहेर जायला सांगितलं. दाराशी वळून पाहिलं तर तू हातानं खूण केलीस, उद्या. दुसऱ्या दिवशी तुला नांदेडला हलवलं. मी निघेपर्यंत बापूंचा फोन आला, की आता येऊ नका, आमीच माघारी येऊन राहिलो.

तुझ्या तेराव्याला मी तांड्यावर गेले. खानावळीतल्या पोरी आधीच आल्या होत्या आणि याडीला बसवून सगळा स्वयंपाक त्यांनी हातात घेतला होता. त्यांनी मला सांगितलं, की मेस बंद पडणार नाही, याडी आणि त्या मिळून चालवणार आहेत. दोघीतिघींनी घरी तसं कळवलंही होतं. मला काही न विचारता त्यांनी ठरवलं याचं मला बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर बापू मला जीपपर्यंत सोडायला आले. वाटेत लिंबाखाली थांबले.

“म्याडम, एक विचारू? लोक म्हणून राहिले, पोरगी आणखी थोडी थांबली असती तर पक्की झाली असती. खरं हाय का?”

“न्हाई बापू. जागा एकच निघाली.”

“म्हंजे तुमच्या दोघींत एक.”

“व्हय.”

“तिला ठाऊक व्हतं?”

“मला ठाऊक न्हाई. विचारायचं राहून गेलं.”

बापू लिंबाच्या खोडाला टेकले. पलीकडे जीपवाला माणसं भरत होता. मग ते म्हणाले, “ठाऊक असंल नसंल. पन त्या खानावळीत ती खूश व्हती. मला आधी तकलीफ झाली, खोटं कशाला बोलू. मंग मी दर बाजाराला जाऊन बघायचो, ती हसून राहिलेली असायची. कॉलेजात व्हती तवा सुट्टीला आली की नुसती पडून ऱ्हायची.” त्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुमी हाव का, म्याडम?”

“काय?”

“खूश.”

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले आणि जीपमध्ये चढले. बापू तिथंच उभे होते, उत्तर येईल म्हणून. जीप हलली तरी ते उभेच होते.